सरळ मुठीची जॉयस्टिक

विमान चालवायला मी सांगलीत शिकले. हसू नका. एसटी स्टँडच्या मागं एक इमारत होती, खाली झेरॉक्सवाला, वर पतसंस्था आणि मधल्या मजल्यावर माझ्या थोरल्या भावाचा कॉम्प्युटर क्लास. सकाळची पोरं गेली आणि संध्याकाळची यायची असली की दुपार मोकळी असायची. लाइट असली तर दादा मला एका मशीनवर बसवायचा आणि लढाऊ विमानाची सीडी घालायचा. मी तेव्हा साताऱ्याला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सर्किट बोर्डं तपासायची. आमची सुट्टी सोमवारी. सोमवारी पहाटेची गाडी पकडून मी सांगली गाठायची. आई शेजारणींना कौतुकानं सांगायची, पोरीला भावाची लय ओढ आहे. ओढ होतीच, पण खरं सांगायचं तर विमानाची जास्त होती.

या वेडाची सुरुवात पेपरातल्या एका जाहिरातीनं झाली. हवाई दलात मुली घेणार म्हणून छापून आलं होतं. मी ती जाहिरात उभ्यानंच वाचली. पदवी पाहिजे होती, माझा नुसता डिप्लोमा. पण तेवढ्यानं मी हटले नसते, पदवीचं काय, बाहेरून करता आली असती. पुढं विचारपूस केली तेव्हा कळलं की मुलींना मालवाहू विमान मिळेल, हेलिकॉप्टर मिळेल, लढाऊ विमान मिळणार नाही. का, तर नाही. त्या दिवशी मी जेवले नाही. दादा साताऱ्याला आलेला होता. माझं ताट झाकून ठेवत तो म्हणाला, "नाही देत तर नाही देत. आपण घरातच बनवू. मशीन माझं, सीट तुझी."

सीट तुझी. माणूस एखादं वाक्य सहज बोलून जातो आणि ऐकणारा त्यावर घर बांधतो, तसं माझं झालं. जगात कुठल्याच लढाऊ विमानात मला बसता येणार नव्हतं. एकच सीट होती, ती सांगलीत होती आणि ती माझ्या भावानं मला कबूल केली होती.

कीबोर्डवर विमान उडतं, पण उडवल्यासारखं वाटत नाही. बाणाचं बटण दाबलं की ते एकदम कलतं, सोडलं की एकदम थांबतं. थोडंसं कलवायचं, तसंच धरायचं, शत्रूचं विमान काचेत आलं की हळूच नाक उचलायचं, हे बटणाला जमत नाही. त्याला मांड्यांच्या मधोमध दांडा पाहिजे, म्हणजे जॉयस्टिक. दुसऱ्या हाताला वेग कमीजास्त करायचा खटका पाहिजे, त्याला थ्रॉटल म्हणतात. आणि पायांत दोन पायडलं पाहिजेत, डावं दाबलं की नाक डावीकडं, उजवं दाबलं की उजवीकडं. दादानं कॉम्प्युटरची इंग्रजी मासिकं विकणारा एक जण शोधून काढला होता. त्यातली चित्रं समोर ठेवून आम्ही बहीणभाऊ तासन् तास भांडायचो. आई म्हणायची, एवढा विचार तर दादासाठी मुलगी बघतानासुद्धा कुणी केला नाही.

भांडण मुख्यतः दोन जॉयस्टिकांवर होतं. एकीची मूठ हाताच्या आकाराची होती. अंगठा टेकायला कडा, बोटांना खाचा, जिकडंतिकडं बटणं. दिसायला अगदी खऱ्या लढाऊ विमानातली. दादाचा जीव तिच्यावर. दुसरी सरळ होती, कुदळीच्या दांड्यासारखी. वर अंगठ्यासाठी एक बटण, पुढं गोळी मारायचा चाप, संपलं. मला ती पाहिजे होती, कारण मी डावखुरी आहे. हाताच्या आकाराची मूठ बनवतात ती उजव्या हाताच्या आकाराची. डाव्या हातात धरली तर अंगठा हवेत राहतो आणि ती कडा तळव्यात रुतते. सरळ मुठीला कुठलाही हात चालतो.

"तुझं बरोबर आहे," शेवटी दादा म्हणाला. "बसणार तू, हात तुझा. सरळवालीच घेऊ."

माझ्या डाव्या हाताची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होती, दादाला तर जास्तच. आबा, म्हणजे आमचे वडील, वीजघरात कामाला होते तेव्हा आम्ही कोयनानगरच्या कॉलनीत राहायचो. तिथल्या शाळेत मी पहिलीत असताना एक मास्तर होते. मी डाव्या हातात पेन्सिल धरली की ते पट्टी मारायचे. त्यानं भागेना तेव्हा एक दिवस माझ्याच वेणीची रिबीन सोडून त्यांनी माझं डावं मनगट बाकाला बांधलं. वर सांगितलं की हा हात कशाचा असतो ते घरी विचार. मी घरी काही बोलले नसते. दादा चौथीत होता, त्यानं पाहिलं आणि पळत जाऊन आबांना सांगितलं.

आबा पाळी संपवून तसेच खाकी कपड्यात शाळेत आले. आमच्या घरातून विटाळ, शुभ-अशुभ, हे सगळं आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच बाहेर गेलं होतं, पण ते गेलं म्हणजे काय झालं हे मला त्या दिवशी कळलं. आबांनी रिबीन सोडली. माझं मनगट चोळलं. मग मास्तरांना म्हणाले, "मास्तर, ह्यो हात बी तिचाच हाय. हाताला बाट नसतो. आमी त्ये सगळं मागं सोडून आलोय, तुमी आमच्या पोरीला परत तिकडं नेऊ नका." आवाज चढवला नाही. मास्तर काहीतरी पुटपुटले. दादा व्हरांड्यात माझं दप्तर घेऊन उभा होता. घरी जाताना त्यानं ते मला घेऊ दिलं नाही.

म्हणून दादा सरळवाली म्हणाला तेव्हा मी निर्धास्त झाले. त्याला काही समजावून सांगायची गरज नाही असं मला वाटलं.

मग मी कामाला लागले. पायडलं आणि थ्रॉटल घरी बनवायचं, जॉयस्टिक तेवढी मुंबईहून आणायची, असं ठरलं. भंगारातून स्कूटरची दोन जुनी ब्रेक पायडलं आणली. एक दाबलं की दुसरं वर यायला पाहिजे, म्हणून मधे तराजूसारखी पट्टी बसवली, दाराच्या स्प्रिंगा लावल्या. पायडल किती दाबलं हे कॉम्प्युटरला कळायला रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असतो तो भाग लागतो, पॉट म्हणतात त्याला. मी जुन्या रेडिओंचे काढून लावले तर विमान अर्धं पायडल दाबेपर्यंत ढिम्म आणि मग एकदम गर्रकन फिरायचं. पायडलं सांगलीला नेत-आणत दोन सोमवार डोकं फोडून घेतलं. मग लक्षात आलं की रेडिओचे पॉट कानाच्या हिशेबानं बनवलेले असतात, पायाच्या नाही. सरळ चालीचे मिळवले आणि विमान पायाला ऐकायला लागलं. त्या रात्री मी आमच्या साताऱ्याच्या घरी पलंगावर बसून, समोर काही नसताना, नुसती पायडलं हलवत होते. आबा दारातून बघून गेले. म्हणाले, "पोरगी शिलाई मशीन घेईल असं वाटलं हुतं."

थ्रॉटलचा डबा मी दोन बोल्टवर बसवला. दादानं सीट म्हणून क्लासातली एक जुनी खुर्ची दिली होती, तिच्या लाकडी चौकटीला दोन्ही बाजूंनी भोकं पाडली. मला तो उजवीकडं पाहिजे, पण दादालाही कधी बसावंसं वाटेल, मग त्यानं डबा काढून डावीकडं लावावा. बघा केवढा माझा मोठेपणा.

पायडलं पोत्यात घालून कायमची सांगलीला नेली तेव्हा एसटीत कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्यात?"

"विमानाचं पायडल."

"मग एस्टीत कशाला बसलासा?" असं म्हणून त्यानं सामानाचं तिकीट फाडलंच.

पुढच्या महिन्यात दादा आणि क्लासमधला त्याचा भागीदार नवीन मशीनं आणायला मुंबईला गेले. परत आल्यावर दादानं आमच्या शेजारच्यांकडं फोन केला. मी धावत गेले. तो म्हणाला, "सरळवाली संपली होती गं. सगळा बाजार पालथा घातला. तोवर दुसरी आणलीय, पुढच्या खेपेला बदलू."

मला वाईट वाटलं ते त्याचं. एवढ्या उन्हात हिंडला असेल बिचारा. मी म्हणाले, "असू दे दादा, डाव्या हातानं जमवेन कशीतरी." त्यावर तो म्हणाला की कॉकपिट जोडून तयार आहे, येत्या सोमवारी आईआबांना घेऊन ये, मस्त कार्यक्रम करू. आईनं त्यासाठी रात्री शंकरपाळ्या तळल्या. मी नवा ड्रेस घातला. विमानात बसायला कोण नवा ड्रेस घालतं, पण घातला.

जिन्याच्या तोंडाशीच पाटी होती. रंग अजून ओला वाटत होता. 'फायटर विमान चालवा! सांगलीत प्रथमच.' खाली तासाचा दर. मला वाटलं, जाहिरात वेगळ्याच कशाची असेल. वर गेले तर क्लास पोरांनी भरलेला, कोपऱ्यात पेढ्यांचा बॉक्स आणि मधोमध माझी खुर्ची. तिला निळा रंग दिलेला, पाठीवर झेंडूचा हार. मी हार बाजूला करून आधी चौकटीला हात लावला. उजव्या बाजूची भोकं नव्हती. लांबीचा लगदा भरून, घासून, वरून रंग मारला होता. बोटाला तिथं नुसता गुळगुळीतपणा लागत होता. थ्रॉटलचा डबा डावीकडं पक्का केलेला होता, बोल्टचं डोकंसुद्धा ठोकून सपाट केलं होतं. आणि मधे ती हाताच्या आकाराची जॉयस्टिक.

पुढच्या खेपेला जी बदलायची आहे तिच्यासाठी कुणी भोकं बुजवत नाही. एवढं कळायला डिप्लोमा लागत नाही.

भागीदार पेढे वाटत होता. साधा माणूस, त्याच्या मनात काही नव्हतं. मी त्याला विचारलं, "मुंबईत सरळ मुठीची मिळालीच नाही का?"

"सरळवाली?" तो म्हणाला. "होती की. दादानं हातात घेऊन बघितली आणि परत ठेवली. पोरांना फायटरसारखी दिसली पाहिजे म्हणाला. बरोबरच आहे, ती दिसायला अगदीच हे होती. घ्या ना पेढा."

मी पेढा घेतला आणि तो हातात धरूनच दादाला बाहेर जिन्यावर बोलावलं. सगळा बाजार पालथा घातला म्हणे. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्यानं फसवलं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. हा मात्र माझं दप्तर घेऊन चाललेला माणूस होता.

"सरळवाली होती म्हणे," मी म्हणाले.

दादानं आधी भागीदाराकडं दारातून एकदा बघितलं. मग म्हणाला, "अगं, ऐक तर. क्लास चालंना झालाय. पलीकडं दोन नवे क्लास निघालेत. हे बघायला पोरं येतील, त्यातली चार क्लासला लागतील. आता येणारी सगळी उजव्या हाताचीच ना? तुझ्या एकटीसाठी सगळं उलटं कसं करू?"

"माझ्या एकटीसाठीच होतं ते."

"तुला कुठं रोज बसायचंय? महिन्यातनं चार दिवस येणार तू. उद्या लग्न होऊन गेलीस की तेवढं पण नाही."

"मग तेव्हा का बोलला नाहीस? पायडलं करून घेईपर्यंत का थांबलास?"

 तो म्हणाला, "लोक आलेत, आत चल. तूच उडवून दाखवायचंय. मला कुठं नीट जमतं?"

ते मात्र खरं होतं. एवढ्या दिवसांत दादाला विमान धावपट्टीवरून सरळ उचलता आलं नव्हतं. भागीदाराला तर सुरू कुठून करायचं हेही माहीत नव्हतं. पोरांसमोर विमान उडवायला मी लागत होते, सीट द्यायची वेळ आली की मी नको होते. तोंडाला पानं पुसायची आणि वर त्याच तोंडानं पाहुण्यांपुढं हसायलाही लावायचं, असला प्रकार.

माझं डोकं भणभणत होतं. तरी मी पेढा जिन्याच्या कठड्यावर ठेवून आत गेले, कारण एकदा तरी मला त्या खुर्चीत बसायचं होतं. बसले. पायडलं माझ्या पायांना बरोबर आली, मापच माझं होतं. मी डावा हात मुठीवर ठेवला. अंगठा हवेत राहिला. कडा तळव्यात रुतली, जिथं रुतेल म्हणून मी सांगितलं होतं तिथंच. उजवा हात मांडीवरून डावीकडं थ्रॉटलकडं नेला तर दोन्ही हातांची कात्री झाली. एक पोरगं फिसकन हसलं. विमान सुटलं, धावपट्टीवर तिरकं व्हायला लागलं, मी पायानं सावरलं, आणि चाप दाबायला बोट पोहोचेना म्हणून पकड बदलायला गेले तशी मूठ हातातून सुटली. पडद्यावर सगळं लाल झालं.

"परत, परत," दादा घाईनं म्हणाला. "अगं उजव्या हातानं धर ना."

मी डावाच हात परत ठेवला. दादा माझ्याकडं बघेना. त्यानं मागं वळून आबांकडं बघितलं, लहानपणी भांडण मिटवायला बघायचा तसं.

आबा पुढं आले. माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. मला आत्ता, लिहितानासुद्धा, तो हात आठवतो. मला वाटलं, आता हे बोलतील. रिबीन सोडतील. सहा वर्षांची असताना शाळेच्या दारात खाकी कपडे दिसल्यावर वाटलं होतं, अगदी तसंच वाटलं. मी पडद्याकडं बघत वाट बघत राहिले.

आबा खाली वाकून हळूच म्हणाले, "उजव्या हातानं दाव की, पोरी. माणसं बघत्यात. त्येच्या धंद्याचा सवाल हाय."

मी उठले.  माझ्या जागी दादा बसला. मी जिना उतरत असताना वरून पोरांचा हसण्याचा आणि टाळ्यांचा आवाज आला, म्हणजे त्यानंही विमान आपटलं असणार. स्टँडवर मी एकटीच बाकावर बसून राहिले. बऱ्याच वेळानं आई आणि आबा आले. आईच्या हातात शंकरपाळ्यांचा डबा तसाच होता, तो द्यायचा राहून गेला होता.

गाडीत आई खिडकीशी बसून डुलक्या घेत होती, मी मधे, आबा कडेला. कऱ्हाडला गाडी थांबली तेव्हा आबांनी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि पुडी माझ्यापुढं धरली. मी घेतली नाही. गाडी सुटली, उंब्रज आलं. मग माझ्यानं राहवेना.

"आबा," मी म्हणाले, "तुमी शाळेत मास्तरांना काय म्हणाला होता, आठवतंय का तुमाला?"

"आठवतंय की," आबा म्हणाले. "न आठवायला काय झालं?"

"मग आज?"

त्यांनी एक शेंग फोडली. दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारली, सालं उडवली आणि ते दाणे माझ्या हातावर ठेवले, डाव्याच हातावर. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तवा तू ल्हान हुतीस."

आणि ते त्यांनी रागानं म्हटलं नाही, अगदी मायेनं म्हटलं.